वॉटसनसाठी ऐका: बीबीसीचा शेरलॉक होम्स ऑडिओ संच

मे महिन्यात सुरू केलेला संच गेल्या आठवड्यात संपला. बीबीसी रेडिओ फोरनं १९८९ ते १९९८ ह्या काळात शेरलॉक होम्सच्या सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या, ५६ गोष्टी आणि ४ कादंबऱ्या, श्रुतिका करून वाजवल्या, त्याचा हा संच. होम्स क्लाइव्ह मेरिसन, वॉटसन मायकल विल्यम्स, आणि पहिल्या गोष्टीपासून शेवटच्या गोष्टीपर्यंत दोघंही तेच, ह्या जोडीच्या आधी असं पूर्ण कुणीच केलं नव्हतं. एक गोष्ट पाऊण तासाची, कादंबरी दोन भागांत, सगळं मिळून पन्नास तासांच्या आसपास जातं.

मी राहतो गोव्यात मयेला, ऑफिस पणजीत पाटोला, त्यामुळे रोज चोडणची फेरी, म्हणजे मांडवी ओलांडणारी फेरीबोट. फेरीच्या लायनीत स्कूटर लावून उभं राहायचं, पलीकडं रायबंदरला उतरून पुढं पणजी, संध्याकाळी परत तेच, लायन मोठी असली की एक अख्खी गोष्ट त्यातच होऊन जाते. संचाचा पहिला तुकडा मिळाला कांदोळीला एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात. तिकडं इंग्लंडचे टुरिस्ट हिवाळ्यात महिना महिना राहतात आणि जाताना वाचून झालेली पुस्तकं, सीडी दुकानात देऊन जातात, त्यात 'मेमॉयर्स' ह्या होम्सच्या कथासंग्रहाच्या सीडींचे डबे होते, तीनशे रुपयांत दिले. एक सीडी ओरखडलेली निघाली, ऐन गोष्टीच्या शेवटाला अडकते. बाकीचं सगळं मग ऑडिओबुकच्या ॲपवरून घेतलं.

होम्स कसा आहे ते आधी सांगतो, म्हणजे ते संपेल. मेरिसनचा होम्स धारदार आहे, चिडका आहे, एकदम मोठ्यानं हसतो आणि तसाच एकदम गप्प होतो, पहिले दोन-तीन भाग मला तो जरा जास्तच वाटला, नंतर त्याचीच सवय लागली. उत्तम काम आहे, वादच नाही. पण मी हा संच जो कुणाला सांगेन त्याला वॉटसनसाठी सांगेन.

कारण वॉटसन म्हटलं की आपल्या डोक्यात तो जुन्या सिनेमांतला गोंधळलेला, ढेरपोट्या डॉक्टर बसलाय, ज्याला काही कळत नाही आणि जो सारखा 'अरे वा होम्स' म्हणतो. हा तसला नाही. हा लढाईवर जाऊन गोळी खाऊन आलेला डॉक्टर आहे, समजदार आहे, होम्सवर रागावतो, त्याला सुनावतो, आणि त्याच्यावर मनापासून जीव लावतो. सगळ्या मालिकेचा मुख्य लेखक बर्ट कूल्स, त्यानं ह्या दोघांच्या दोस्तीलाच गोष्टीचा कणा केलंय, आणि विल्यम्सनं ते नुसत्या आवाजावर उचललंय.

हा मायकल विल्यम्स आहे कोण ते शोधायला गेलो आणि त्यातच दोन रात्री गेल्या. १९३५ चा जन्म, मँचेस्टरचा, लंडनच्या राडा ह्या नाट्यशाळेत शिकला आणि १९६३ पासून रॉयल शेक्सपियर कंपनीत. दिग्दर्शक पीटर ब्रूक, ज्यांचं महाभारत आपल्याकडं नाटकवाल्यांना माहीत असतं, त्यांच्या 'मारा-साद' ह्या नाटकात हा हेराल्ड होता, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधारच, प्रेक्षकांना कोण कोण आणि काय चाललंय ते सांगणारा, त्याचा १९६७ साली सिनेमाही झाला. मग लियर राजाचा विदूषक. १९७६ ला 'कॉमेडी ऑफ एरर्स', जुळ्या मालकांचे जुळे नोकर आणि सगळा घोळ, त्यात हा नोकर आणि त्याचा मालक रॉजर रीस, आणि गंमत बघा, हाच रॉजर रीस १९८८ ला बीबीसी रेडिओवर 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ह्या कादंबरीच्या श्रुतिकेत होम्स झाला, पण तेव्हा वॉटसन दुसराच होता. त्यानंतर १९८९ ला विल्यम्स वॉटसन झाला आणि १९९८ ला तीच हाउंड मेरिसनबरोबर नव्यानं करून ह्यांनी सगळं पूर्ण केलं.

बायको ज्यूडी डेंच. १९७१ ला लग्न. आपल्याकडं तिला सगळे बॉण्डच्या सिनेमांतली एम म्हणून ओळखतात. दोघांची 'अ फाइन रोमान्स' नावाची मालिका १९८१ ते ८४ टीव्हीवर होती, त्यात हा बागा तयार करून देणारा एक लाजरा माणूस, आणि 'पॅक ऑफ लाइज' हे नाटक दोघांनी मिळून केलं. दर शुक्रवारी तिला एक लाल गुलाब पाठवायचा म्हणे, तिनंच सांगितलंय. १९८९ च्या 'हेन्री द फिफ्थ' सिनेमात लढाईच्या आदल्या रात्री वेषांतर केलेल्या राजाशी भांडणारा जो साधा शिपाई आहे तो हाच, आणि शेक्सपियरनं त्या शिपायाचं नावच मायकल विल्यम्स ठेवलंय, हे वाचून मी स्कूटरवर बसल्या बसल्या आबांना फोन केला.

आबांना का, तर आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांत आबांनी तीस वर्षं कामं केली, राजा कधीच नाही, कायम राजाचा मित्र नाहीतर सेनापती नाहीतर मंत्री. पहाटे चारला राजाचं मोठं भाषण चालू असताना बाजूला उभं राहून ते ऐकायचं, प्रेक्षक पेंगलेले असतात, तरी ऐकायचं, हे काम किती कठीण ते आबा मला लहानपणापासून सांगत आलेत. विल्यम्सचं सगळं आयुष्य बघा, सूत्रधार, विदूषक, नोकर, शिपाई, सगळी बाजूला उभं राहायची कामं, आणि ती सगळी त्यानं वॉटसनमध्ये ओतलीयत असं मला ठाम वाटतं. आबांना इंग्रजी पटकन कळत नाही, संच ऐकवताना मी मध्ये थांबवून सांगतो, पण तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "हा दुसरा ऐकतोय ते कळतं रे." रेडिओवर माणूस गप्प असला की तो नाहीसाच होतो ना, पण हा होत नाही, एक श्वास, एक बारीक हुंकार, होम्सचं वाक्य संपायच्या अर्धा क्षण आधी सुरू केलेलं उत्तर, एवढ्यावर तो त्या खोलीत बसलेला असतो.

दोन जागा सांगतो. एक 'फायनल प्रॉब्लेम', धबधब्यापाशी वॉटसन परत येतो आणि होम्स तिथं नाही. हा भाग मी जुलैत ऐकला, फेरीवर, मांडवीला पाणी चढलेलं, पाऊस आडवा, रेनकोटच्या टोपीत इअरफोन, आणि तो होम्सच्या नावानं हाका मारतोय. पहिली हाक नुसती शोधणारी आहे, शेवटच्या हाकेत त्याला कळलेलं असतं, आणि मधल्या हाकांत ते कळत कळत जातं. फेरी लागली, मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा मी स्कूटर चालू केली.

दुसरी 'थ्री गॅरिडेब्स'. गोष्ट तशी साधीच, पण शेवटी वॉटसनला मांडीत गोळी लागते आणि होम्स, जो कधी कुणासाठी हलत नाही, तो घाबरतो. मेरिसनचा आवाज तिथं फुटतो, आणि त्यावर विल्यम्स काही नाही, अगदी हळू बोलतो, काही झालं नाही म्हणून समोरच्याचीच समजूत काढल्यासारखा. घरी लाइट गेलेली होती, आबा आणि मी पडवीत, मोबाइल स्टुलावर. मला भाषांतर करायची गरज पडली नाही.

आता तक्रारी. आवाजाची पातळी फार वरखाली आहे, कुजबुजलेली वाक्यं फेरीच्या इंजिनात बुडतात, चांगले कान झाकणारे हेडफोन घ्या, नाहीतर घरीच ऐका. ॲपवर गोष्टींची नावं न देता नुसते 'चॅप्टर १, चॅप्टर २' टाकलेत, हवी ती गोष्ट शोधायला जाम वैताग येतो, मी शेवटी वहीत यादी करून ठेवली. आणि 'केस-बुक' ह्या शेवटच्या कथासंग्रहातल्या काही गोष्टी मुळातच पातळ आहेत, तिथं श्रुतिका तरी काय करणार. किंमत एकदम बघितली तर जास्त वाटते, पण तुकड्या तुकड्यानं घेतलं तर जड जात नाही.

विल्यम्स जानेवारी २००१ मध्ये गेला, कॅन्सरनं, ६५ वर्षांचा होता. त्यानंतर कूल्सनं नव्या गोष्टी लिहिल्या त्यांत मेरिसन तोच राहिला आणि वॉटसन अँड्र्यू सॅक्स, 'फॉल्टी टॉवर्स'मधला वेटर मॅन्युएल. त्याही ऐकतोय, सॅक्स चांगला आहे, माझाच कान अजून जुना आवाज शोधतो.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी हाउंड आधी लावू नये, ती शेवटालाच ठेवा, दहा वर्षांची ओळख असलेली दोन माणसं त्यात बोलतायत ते तेव्हाच कळतं. 'अ‍ॅडव्हेंचर्स'च्या बारा गोष्टींनी सुरुवात केली तरी चालेल, पण मी म्हणेन 'स्टडी इन स्कार्लेट' ह्या पहिल्या कादंबरीपासूनच. आबांनी परत पहिल्यापासून लावायला सांगितलंय, काल रात्री तिचा पहिला भाग झाला, दोघांची ओळख होऊन बेकर स्ट्रीटची खोली बघून झाली, आज जेवणं झाली की पुढचा.