विजापूर वेशीजवळचं पुस्तकांचं दुकान आणि त्याच्या माळ्यावरची रविवारची बैठक

बऱ्याच लोकांना हे दुकान फक्त टोप्या आणि तसबीहचं (जपमाळांचं) वाटतं, म्हणून आधी दुकानाबद्दल सांगतो. सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजारात, मुख्य रस्त्यावरून आत वळलं की अत्तराच्या दुकानांना लागून एक अरुंद गाळा आहे. बोर्डावर दुकानाचं नाव नाही. 'कुराण शरीफ, रिहाल, टोपी, जानमाज, पुस्तके' एवढंच हातानं रंगवलंय. खाली विक्री चालते आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की माळा. दर रविवारी असरच्या (दुपार उतरतानाच्या) नमाजनंतर मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) तिथं पोरांची बैठक असते. फी नाही, नावनोंदणी नाही. विषय एकच: कुणी दीनची (धर्माची) किंवा प्रेषित मुहंमद (स.) यांची टिंगल केली, व्यंगचित्र काढलं, स्टेटस टाकलं, तर आपण काय करायचं.

माझा धंदा फ्लेक्स छपाईचा. असा काही प्रकार घडला की मला रात्री उशिरा फोन येतो, "भाई, जुम्म्याच्या (शुक्रवारच्या नमाजच्या) आधी बॅनर पाहिजे." मजकूर कुणी घाईत टाइप केलेला, खाली दहा फोटो, मधे लाल अक्षरात निषेध. अपमान नक्की काय झाला, कुठं झाला, कुणी बघितला, हे विचारलं तर समोरच्यालाच धड माहीत नसतं. म्हणून या बैठकीचं कानावर आलं तेव्हा थोरल्याला घेऊन गेलो. आता तो मित्रांना सोबत घेऊन जातो आणि मी मागं भिंतीला टेकून ऐकतो.

सोलापूरकराला हा विषय दूरचा नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये जेरी फॉलवेल नावाचा अमेरिकन पाद्री तिकडच्या टीव्हीवर हुजूरांबद्दल, म्हणजे प्रेषितांबद्दल, वाईट बोलला. त्याचं नावसुद्धा आमच्या मोहल्ल्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी इथं निषेधाचा बंद झाला, त्यातून दंगल पेटली, माणसं मेली, कर्फ्यू लागला. फॉलवेलनं एक-दोन दिवसांत माफी मागितली, पण आमच्या गावातले जे गेले ते गेले. बोलणारा अमेरिकेत होता. मेलेल्यांपैकी कुणी त्याला कधी बघितलंही नव्हतं. दुकानाचे मालक चाचा हा प्रसंग प्रत्येक नव्या पोराला सांगतात. दंगलीत कोण आधी, कोण नंतर याच्या हिशेबात ते जात नाहीत, आणि ते मला पटतं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना हे माहीतच नसतं, कारण घरात कुणी त्यावर बोलत नाही.

चाचांचं वय सत्तरीच्या पुढं, आधी यंत्रमागावर होते, मग पुस्तकांकडं वळले. ते आलिम (धर्मपंडित) नाहीत आणि तसं स्वतः स्पष्ट सांगतात. मसला (धर्माचा प्रश्न) कठीण झाला की "हे मुफ्ती साहेबांना विचारा" म्हणून थांबतात. शिकवणाऱ्यात हा गुण मला फार मोठा वाटतो.

त्यांची पद्धत अशी, की आधी कुराण उघडायचं आणि आयत पूर्ण वाचायची, मराठी भाषांतरासकट. माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम झाला तो सूरह निसाच्या १४० व्या आयतीचा. अल्लाहच्या आयतींची थट्टा चाललेली ऐकलीत तर त्या लोकांसोबत बसू नका, ते दुसऱ्या विषयाकडं वळेपर्यंत. चाचा 'वळेपर्यंत' या जागी बोट ठेवतात आणि पोरांनाच विचारतात, "म्हणजे नंतर काय?" पोरं विचारात पडतात. नंतर परत बसायला मनाई नाही! ज्यानं थट्टा केली त्याच्याशी कायमची दुश्मनी धरा असं तिथं लिहिलेलं नाही. उठून जा, नाराजी दाखवा, विषय बदलला की परत या. कंपनीत, कॉलेजात, कारखान्यात वेगवेगळ्या लोकांबरोबर बसणाऱ्या पोरांना यापेक्षा उपयोगाची दुसरी शिकवण नाही. माझ्या मुलानं वर्गातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमकं हेच केलं. ग्रुप सोडला, सोडताना शांतपणे कारण लिहिलं, आणि त्यातल्याच दोघांशी आजही त्याची दोस्ती आहे.

दुसरा भाग सीरतचा, म्हणजे हुजूरांच्या चरित्राचा. मक्केजवळच्या ताइफ गावच्या लोकांनी हुजूरांना दगड मारून रक्तबंबाळ केलं, तरी त्यांच्या नाशाची बद्दुआ केली नाही, त्यांच्या पुढच्या पिढ्यांबद्दल आशा धरली. काहीजण सलामच्या जागी मरणाची बद्दुआ पुटपुटले, हुजूरांच्या पत्नी हजरत आयेशा चिडून उलट बोलल्या, तेव्हा हुजूरांनी त्यांनाच आवरलं: अल्लाहला नरमाई आवडते. मक्का जिंकल्यावर, ज्यांनी वर्षानुवर्षं छळलं होतं त्यांना सरसकट माफी. हे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. चाचांचा वेगळेपणा असा, की हुजूरांच्या अंगावर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट ते सांगत नाहीत. ती गोष्ट प्रत्येक मिलादच्या (प्रेषित जयंतीच्या) भाषणात असते, शाळेच्या पुस्तिकांत असते, पण हदीसच्या (हुजूरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींच्या) भरवशाच्या संग्रहांत सापडत नाही. हुजूरांच्या नावानं खात्री नसलेलं काही बोलायचं नाही, मग ते कितीही गोड असो, हा त्यांचा नियम. पक्क्या गोष्टीच इतक्या आहेत की कच्च्यांची गरज काय?

मग येतो मोबाईल, आणि इथं ही बैठक खरी कामाची आहे. व्यंगचित्र आलं तर ते पुढं पाठवायचं नाही, 'बघा काय केलंय' म्हणूनसुद्धा नाही. पाठवणारा स्वतःच ते पसरवतो. चाचा डेन्मार्कचं उदाहरण देतात. ३० सप्टेंबर २००५ ला युलँड्स-पोस्टेन या वर्तमानपत्रात बारा व्यंगचित्रं छापली गेली. डॅनिश भाषेतला पेपर, त्या देशाबाहेर कोण वाचणार? पण २००६ च्या फेब्रुवारीत दमास्कस आणि बैरुतमध्ये डॅनिश वकिलातींना आगी लागल्या, आणि तीच चित्रं कितीतरी देशांच्या पेपरांत पुन्हा छापली गेली. मी छपाईवाला आहे, त्यामुळं शार्ली एब्दोचा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. साठ हजारांच्या आसपास छापलं जाणारं फ्रान्समधलं व्यंगचित्रांचं साप्ताहिक. ७ जानेवारी २०१५ ला त्यांच्या कचेरीवर हल्ला करून बारा माणसं मारली, आणि पुढचा अंक कित्येक लाख छापला गेला. ज्याला ते चित्र नकोसं होतं त्यानंच ते जगभर नेलं.

त्या बारांमध्ये अहमद मेराबे नावाचा पोलीसही होता, मुसलमान. दोन दिवसांनी पॅरिसमध्येच ज्यूंच्या किराणा दुकानावर हल्ला झाला, तेव्हा तिथं काम करणाऱ्या लासाना बातिली या मालीहून आलेल्या मुसलमान पोरानं गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतखोलीत लपवलं. ही दोन नावं चाचांनी फळ्यावर लिहून ठेवली आहेत आणि पुसू देत नाहीत. पोरांना हल्लेखोरांची नावं माहीत असतात, ही नसतात.

आपल्या देशातलंही ते टाळत नाहीत. जून २०२२ मध्ये उदयपूरला एका शिंप्याचा खून झाला आणि मारणाऱ्यांनी हुजूरांच्या नावावर केलं म्हणून स्वतःचा व्हिडिओ काढला. जमियत उलमा-ए-हिंद आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड या मुस्लिम संघटनांनी त्याचा उघड निषेध केला. त्या दिवशी चाचांचा आवाज बदलला होता. "ज्यांना जगासाठी रहमत (कृपा) म्हणून पाठवलं, त्यांच्या नावावर हे?" एवढंच बोलले आणि बराच वेळ गप्प राहिले. मलाही दुसरं काही सुचलं नाही.

आता पोरांचा नेहमीचा सवाल. "हौ चाचा, पण गप बसलो तर ते अजून करतील ना?" याचं त्यांचं उत्तर मला मनापासून पटतं: गप बसा असं कुणी म्हटलंच नाही. मक्केच्या कुरैश टोळीचे कवी टिंगलीच्या कविता करायचे, तेव्हा हुजूरांनी हस्सान बिन साबित या कवीला उत्तर द्यायला सांगितलं. कवितेला कविता. आणि आपल्याच गावात कुर्बान हुसेन होऊन गेले, ज्यांनी 'गझनफर' वृत्तपत्र चालवलं आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत फाशी गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या पोरांना त्यातला एक जण पेपर काढायचा हे तिथं पहिल्यांदा कळतं. पोरांकडून ते मराठीत पत्रं लिहून घेतात, वर्तमानपत्राला, महाविद्यालयाच्या प्राचार्यांना. आपल्याला दुःख का होतं, ते बिगरमुस्लिम वाचकाला कळेल अशा शब्दांत. हा व्यायाम फार चांगला आहे. माझ्या मुलाचं पहिलं पत्र नुसत्या संतापाचं होतं, चाचांनी परत लिहायला लावलं.

काही गोष्टी मात्र कमी पडतात. एका पोरानं हुजूरांविरुद्ध कविता करणाऱ्या काब बिन अशरफचं विचारलं, त्याला तर मारलं होतं ना? चाचांनी सांगितलं की तो करार मोडून युद्धाला चिथावणी देण्याचा मामला होता आणि आदेश मदिनेचे प्रमुख म्हणून हुजूरांचा होता, कुणा एकट्या माणसाचा नाही. उत्तर बरोबर दिशेनं होतं, पण दोन मिनिटांत उरकलं. नेटवर भडकवणारे लोक हाच प्रसंग घेऊन पोरांना गाठतात. तसंच जुन्या फिकहमध्ये (इस्लामी कायदेशास्त्रात) अशा गुन्ह्याला कडक शिक्षा सांगितलेली आहे, ती काझीच्या हातात, जनतेच्या नाही. आणि मौलाना वहिदुद्दीन खान यांच्यासारख्या आलिमांनी अशी शिक्षाच कुराणात नाही अशी भूमिका घेतली. हा मतभेद पोरांपुढं नीट मांडायला एक अख्खा रविवार द्यायला हवा आणि एखाद्या आलिमांना बोलवायला हवं. मी चाचांना तसं बोललो, त्यांनी मान्य केलं.

कायद्याचा कागदही सुधारायला पाहिजे. तक्रार कशी द्यायची याचा एक पानाचा झेरॉक्स ते वाटतात: लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, घोळका करून जाऊ नका, दोन जाणत्या माणसांसोबत पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हे सगळं चांगलं. पण त्यावर अजून भारतीय दंड विधानाचं कलम २९५-अ छापलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि मुद्दाम दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आता २९९ आहे. नवा कागद मी माझ्याकडं छापून देतो म्हणालोय, पैसे घेणार नाही. हेच कलम दुसऱ्यांच्या देवांबद्दल बोलणाऱ्या आपल्या पोरांनाही लागतं, हेही त्यात ठळक हवं. सूरह अनआमची १०८ वी आयत तेच सांगते, दुसरे ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका.

पुस्तकांची निवड चांगली आहे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा १९९० मध्ये सोलापुरातच झालं, त्या गावाला शोभेल इतकी मराठी पुस्तकं मागच्या कपाटात आहेत. मराठी कुराण, सीरतच्या छोट्या पुस्तिका, सोलापूरचे लेखक फकरुद्दीन बेन्नूर यांचं लिखाण. किमती छापील, थोडी सूट मिळते. कपाट मात्र अंधारात आहे, तिथं एक दिवा लावायला हवा. हिंदू शेजाऱ्याला भेट द्यायला सीरतची मराठी पुस्तिका मी इथूनच घेतो.

गाडी आत नेऊ नका, रविवारी बाजारात जागा नसते, बाहेर मोठ्या रस्त्यावर लावा. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सांगितलं तर चाचा खालीच खुर्ची टाकून देतात. मुलींसाठी अजून सोय नाही, हीच माझी सगळ्यात मोठी तक्रार. फोन त्यांच्याही हातात आहेत, मन त्यांचंही दुखतं. दुकान लवकर बंद करून मुलींची वेगळी बैठक घ्यायला चाचांच्या सूनबाई तयार झाल्या आहेत, त्या शिक्षिका आहेत. माझी धाकटी नववीत आहे, तिचं नाव मी देऊन आलोय. अजून पाच-सहा मुली झाल्या की सुरू करतील, तेव्हा ज्यांना पाठवायचं असेल त्यांनी दुकानात जाऊन सांगावं.