रंगपंचमी ते दिवाळी: पिचकाऱ्या कशा चालल्या, कशा टिकल्या

पिचकारी कशी आहे असं विचारलं की बहुतेक लोक पहिल्या दिवशी किती लांब उडाली तेवढंच सांगतात. मी सांगतोय ते पुढच्या महिन्यांचं. फाल्गुनात घेतलेल्या पिचकाऱ्या इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरच्या गच्चीवर मुलांनी अख्खा उन्हाळा वापरल्या, पावसाळ्यात त्या माळ्यावर गेल्या आणि दिवाळीच्या साफसफाईत मी त्या खाली काढून एकेक उघडून पाहिली. माझं काम शेतीच्या फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं, त्यामुळे दट्ट्या, झडप, वॉशर रोजचेच. निकाल आधीच सांगतो: पिचकारीचं आयुष्य तिच्या आतल्या रबरी रिंगेवर असतं, आणि जिची रिंग काढता-घालता येते तीच पिचकारी पैसे टाकण्यासारखी. दोनशेची असो की बाराशेची.

इंदूरला हा विषय पोरखेळाचा नाही. इथे धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा जोर जास्त. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरवरच्या मोटारी तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत रंगाचे फवारे नेतात, लोक त्यांना मिसाईलच म्हणतात. ते बघून घरी आलेल्या पोराला गल्लीतसुद्धा तसंच काहीतरी उडवायचं असतं. म्हणून राणीपुऱ्याच्या बाजारातून चार प्रकार आणले: साधी दट्ट्याची, पाठीवरच्या टाकीची, हवा भरायची प्रेशरवाली आणि बॅटरीची. पाचवी घरातलीच, आजोबांच्या वेळची पितळी.

साधी दट्ट्याची सगळ्यात स्वस्त, आणि वर्षभराचा हिशेब केला तर सगळ्यात भरवशाची. तोंडातून पाणी ओढायचं, दट्ट्या ढकलायचा, संपलं. आत एकच रिंग. घेताना लोक जाडजूड नळी बघून घेतात आणि लहान मुलाच्या हातात देतात, तिथेच फसतं. नळीचा आतला व्यास 4 सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचं तोंड साधारण 12.5 चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे चौरस सेंटिमीटरला 1 किलो दाब हवा असेल तर 12.5 किलोचा जोर लावावा लागणार. तोच व्यास 2.5 सेंटिमीटर असेल तर 5 किलोत काम होतं. पाणी तेवढं कमी मावतं, पण तेवढ्याच लांब जातं. माझ्या धाकटीला जाड नळी नुसती छातीशी धरून ढकलावी लागायची आणि धार पायाशी पडायची. बारीक नळी दिल्यावर ती समोरच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत मारायला लागली.

आता लांबीचं गणित. 1 किलोच्या दाबाला पाणी सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने सुटतं. 45 अंशांत वर मारलं आणि हवा आडवी आली नसती तर ते 20 मीटरवर पडलं असतं. प्रत्यक्षात धार वाटेत फुटते, तिचे थेंब होतात आणि थेंबांना हवा लगेच अडवते. त्यामुळे निम्मं अंतर मिळालं तरी उत्तम. धार किती उशिरा फुटते हे तोंडाच्या भोकावर ठरतं. भोक फार बारीक असेल तर बाहेर पडताच तुषार होतात. भोकाच्या कडेला साच्यातून आलेलं प्लास्टिकचं कुसळ असेल तरी तेच. आमच्या दट्ट्याच्या पिचकारीची धार डावीकडे वळून पसरायची. तोंड उजेडाकडे धरून पाहिलं तर आतल्या कडेला केसाएवढं पांढरं कुसळ दिसलं. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून दोन-तीन वळसे दिले, तोंड पाण्याने धुतलं आणि पुढची धार सरळ काचेच्या कांडीसारखी निघाली. पाचेक फूट तरी वाढले. नवी पिचकारी आणली की हे एवढं कराच, दहा मिनिटांचं काम आहे.

पाठीवरच्या टाकीच्या पिचकारीबद्दल थोडक्यात सांगतो. दप्तरासारखी टाकी, त्यातून नळी, पुढे हातातला पंप. पुन्हा पुन्हा बादलीकडे धावावं लागत नाही हा एकच फायदा, आणि गर्दीत तो मोठा आहे. पण दीड-दोन लिटर पाणी म्हणजे पाठीवर तेवढेच किलो, आणि नळी जिथे टाकीला जोडलेली असते तो सांधा पहिल्याच महिन्यात ओघळायला लागला. टेफलॉन टेप गुंडाळून थांबवला. उन्हाळ्यात मुलांनी ती फारशी घेतली नाही.

खरी मजा प्रेशरवालीत आहे. अमेरिकेत नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम केलेल्या लॉनी जॉन्सन या अभियंत्याला 1982 मध्ये घरी उष्णता-पंपाचा प्रयोग करताना न्हाणीघरात पाण्याची जोरदार धार दिसली आणि त्यातून हे खेळणं सुचलं. ते 1990 मध्ये बाजारात आलं आणि पुढच्या वर्षी त्याला सुपर सोकर हे नाव मिळालं. त्याआधीच्या पिचकारीत जेवढा जोर हातात, तेवढीच धार. यात जोर आधी साठवता येतो. पंप मारून टाकीतली हवा दाबायची, आणि खटका ओढला की ती हवा पाण्याला ढकलते. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. सगळा खेळ त्या हवेचा.

म्हणूनच टाकी काठोकाठ भरायची नाही. हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो आणि पाहुणे आले की त्यांनाही. समजा टाकीच्या चौथ्या भागातच हवा आहे. तेवढंच पाणी बाहेर गेलं की हवेला दुप्पट जागा मिळते आणि आतला एकूण दाब निम्मा होतो. धार लगेच मरते, उरलेलं अर्धी टाकी पाणी पंप मारत बसून काढावं लागतं. एक तृतीयांश जागा रिकामी ठेवली तर धार बराच वेळ टिकते. याच अडचणीवर 1996 च्या सीपीएस 2000 या बंदुकीत वेगळा उपाय केला होता: हवेऐवजी आतला रबरी फुगा पाण्याने फुगवायचा, तो आकसताना दाब जवळजवळ सारखा ठेवतो. आपल्याकडच्या साध्या बाजारात मला तशी मिळाली नाही. हवेवाल्याच सगळ्या.

आमच्या प्रेशरवालीने चांगल्या दिवसांत साधारण तीस फुटांपर्यंत धार दिली, बाकी कुणीही तेवढं गाठलं नाही. पण देखभाल मागते तीही हीच. रंगपंचमीच्या दुपारीच तिचा पंपाचा दांडा आपोआप वर यायला लागला. फवारणी पंपात हे रोज दिसतं, झडप बसत नाही याची ती खूण. उघडून पाहिलं तर झडपेखाली गुलालाची चिकट गोळी. बाजारातला बराचसा गुलाल स्टार्चचा असतो, तो पाण्यात विरघळत नाही, फुगतो आणि तळाशी बसतो. टाकी उलटी करून कोमट पाणी दोन-तीनदा उलट्या बाजूने सोडलं की झडप मोकळी झाली. तेव्हापासून नियम केला: रंग बाहेर भांड्यात कालवायचा, जुन्या सुती पंच्यातून गाळायचा, मगच टाकीत. गुलाल पिचकारीत घालायचाच नाही, तो हाताने लावायचा. आमच्याकडे आता टेसूच चालतो. पळसाची फुलं रात्रभर भिजवून सकाळी उकळली आणि गाळली की केशरी पाणी तयार होतं, त्यात कण राहत नाही, झडपही खूश.

दुसरी गोष्ट म्हणजे दाब भरून ठेवू नका. खेळ संपला की मुलं बंदूक तशीच कोपऱ्यात टाकतात, आत हवा दाबलेलीच. रात्रभर तो ताण टाकीच्या जोडावर राहतो, आणि गच्चीवरच्या उन्हात प्लास्टिक मऊ झालेलं असेल तर जोड उघडतो. शेजारच्या मुलाची बंदूक अशीच मेच्या उन्हात गेली. जोडावर चिरलेली टाकी एम-सील लावून ओघळायची थांबते, दाब घेत नाही. खटका ओढून हवा सोडायची, तोंड खाली करून पाणी गाळायचं, सावलीत वाळवायचं आणि मगच ठेवायचं.

बॅटरीची बंदूक मुलांना पहिल्या आठवड्यात सगळ्यात आवडली आणि नंतर सगळ्यात आधी बाजूला पडली. बटण दाबलं की छोटी मोटर पंप चालवते, पाणी एकसंध धारेऐवजी तुकड्यातुकड्यांनी उडतं. लहान हाताला जोर लागत नाही, ही गोष्ट नक्कीच मोलाची. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या हातात ताकद कमी आहे, तिने रंगपंचमी पहिल्यांदा मनसोक्त खेळली ती याच बंदुकीने. फक्त या बंदुकीसाठी काही पथ्यं पाळावी लागतात. रंग अजिबात नाही, स्वच्छ पाणीच, कारण पंपाची वाट बारीक असते. बोरिंगचं पाणीही शक्यतो नको. आमच्या भागातलं बोरिंग जड आहे, सुकलं की पांढरा थर धरतं. नर्मदेचं नळाचं पाणी त्या मानाने बरं. थर धरलाच तर लिंबाच्या सत्त्वाचं पातळ पाणी अर्धा तास भरून ठेवायचं आणि दोनदा साध्या पाण्याने धुवायचं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण ओलं असताना चार्जर लावू नये. आणि माळ्यावर ठेवण्याआधी बॅटरी साधारण निम्मी भरलेली असू द्या. लिथियमचा सेल पूर्ण रिकामा ठेवला तर काही महिन्यांनी उठेलच असं नाही. आमचा उठला, कारण ही काळजी घेतली होती.

आता रिंगेला काय लावायचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. घरोघरी हात जातो तो खोबरेल तेलाच्या बाटलीकडे. रबरी रिंगेला ते लावू नका. नैसर्गिक रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि दट्ट्या नळीत आवळतो. शिवाय इंदूरच्या थंडीत खोबरेल गोठतं. व्हॅसलिनचंही तसंच, नायट्राईल रबराला ते चालतं, पण पिचकारीत कोणतं रबर आहे हे डब्यावर लिहिलेलं नसतं. सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबर सोडून बाकीच्या नेहमीच्या रबरांना चालतं, नळाच्या सामानाच्या दुकानात छोटी डबी मिळते, आणि मुगाच्या दाण्याएवढं एका पिचकारीला पुरतं. रिंग काढायची, खाच पुसायची, बोटाने पातळ थर द्यायचा, परत बसवायची. रिंग चपटी झाली असेल तर त्याच दुकानात मापाची ओ-रिंग मिळते, जुनी सोबत न्या. आमच्या दट्ट्याच्या पिचकारीची रिंग बदलली, तेव्हापासून ती नव्यासारखी ओढते.

पितळीचं उलटं आहे. तिच्यात रबर नाही, चामड्याचा वाटीसारखा वॉशर आहे, रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असायचा तसाच. चामडं कोरडं पडलं की आकसतं आणि पाणी मागून गळतं. याला मात्र तेलच लागतं. एरंडेलात रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी वाटीच्या कडा बोटांनी बाहेर वळवल्या आणि दट्ट्या घातला. वर्षानुवर्षं मुकी पडलेली पिचकारी पहिल्या ओढीत भरली. पितळ चिंचेने घासून काढलं. लांबीत ती प्रेशरवालीच्या मागे आहे, वजनाने लहान मुलांसाठी नाही, पण तिची धार जाड आणि गोल निघते आणि तिच्यात न दुरुस्त होणारं असं काहीच नाही. सध्या ती हॉलमध्ये शोकेसमध्ये नाही, माळ्यावर बाकीच्यांबरोबर आहे. वापरातली वस्तू आहे ती.

धार कोणतीही असो, जवळून चेहऱ्यावर मारू द्यायची नाही. प्रेशरवालीचं पाणी डोळ्यात बसलं तर इजा होते. आमच्या गच्चीवर छातीच्या वर धार गेली की बंदूक जमा.

राणीपुऱ्यात घ्यायला जाल तेव्हा डब्यावर आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे, तरी सणाच्या गर्दीत बिनचिन्हाचा माल समोर येतोच. मग पिचकारी हातात घ्या, तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढून सोडा. तो झटक्यात पुढे गेला तर रिंग घट्ट आहे. जिथल्या तिथे राहिला तर आत हवा शिरतेय, दुसरी मागा. प्रेशरवाली असेल तर कोरडीच चार-पाच पंप मारा, जोड कानाशी धरा आणि फुस्स आवाज येतो का ऐका. आणि पाठीमागे स्क्रू आहेत की सगळं चिकटवून टाकलंय ते पाहा. दुकानदार घाईत असतो, पण "भिया, एक मिनिट" म्हटलं की थांबतो.