दुधाविना चीज: पिझ्झावर चालते, डब्यात नाही
घरातील चौघांनी दूधदुभते सोडल्यावर चहाचे सोयादुधावर भागले. मुलांचे अडले ते चीज टोस्टपाशी. म्हणून खोबरेल तेल व स्टार्च यांपासून बनवलेले मोझरेला पद्धतीचे पाकीट आणले. दुधातील केसीन हे प्रथिन त्यात नसल्यामुळे ते वितळले तरी त्याला तार सुटत नाही आणि उघड्या तव्यावर ते घाम फुटल्यासारखे तेल सोडते. झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारून मंद आचेवर ठेवल्यास मात्र बऱ्यापैकी मऊ होते. थंड सँडविचमध्ये खोबऱ्याचा वास लपत नाही (हिरवी चटणी सढळ हाताने लावावी). प्रथिने नावालाच असल्यामुळे पनीरच्या जागी आम्ही टोफूच वापरतो. पाकीट पुन्हा घेऊ, पण पिझ्झापुरतेच. डब्यासाठी भिजवलेले काजू लिंबाच्या रसासह वाटून केलेले घरचे चीज सरस ठरले.