वाण्याच्या दुकानातलं ‘वाणी’ वायफाय: सात महिने वापरल्यानंतर

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत आम्ही राहतो. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मिस्टर रंगकामाला जातात. मोठी बारावी सायन्सला, धाकटा आठवीत. घरात माणसं चार आणि फोन तीन. २०२४ च्या जुलैत रिचार्ज महागले, तेव्हा आमचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला. तोही २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. तीन फोनचे मिळून दर खेपेला ८९७ रुपये. हा खर्च किराणा आणि गॅसच्या खालोखाल येऊन बसला होता.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात पीएम-वाणीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेचा, वायफाय लागला. योजनेचं नाव वाणी आणि डबा बसला तोही वाण्याच्याच दुकानात, याचं मला फार बरं वाटलं. केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केली. कोणीही दुकानदार लायसन्स न काढता, फी न भरता आपल्या दुकानातून इंटरनेट विकू शकतो. पूर्वी एसटीडीचे पिवळे पीसीओ असायचे ना, तसाच हा पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस. दुकानदार ब्रॉडबँड घेतो, वायफायचा डबा लावतो. कूपन, लॉगिन आणि पैशांचा हिशोब वरची एक कंपनी सांभाळते, तिला पीडीओए म्हणतात.

आमच्या दुकानदार काकांकडे दिवसाचं कूपन ६ रुपयांना आणि महिन्याचं ९९ ला मिळतं. महिन्याच्या कूपनवर १०० जीबी. एका कूपनवर एका वेळी एकच फोन चालतो. पहिला महिना मी रोजचं सहाचं कूपन घेऊन पाहिलं, मग थेट ९९ चं सुरू केलं. आता मिस्टरांचा फोन जुन्याच पॅकवर आहे, कारण ते दिवसभर साइटवर असतात. माझ्या आणि मोठीच्या फोनवर फक्त कॉल आणि एसएमएसचा ८४ दिवसांचा पॅक टाकतो, तो साडेचारशेच्या आसपास पडतो. असा पॅक ठेवणं ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं, हे मला काकांकडूनच कळलं. कूपन दोघींत एक. सगळं धरून महिन्याला दोनशे रुपये वाचतात. कोणी पाचशे-सातशे वाचतात म्हणून सांगितलं तर आमच्यासारख्या घरात तेवढे वाचत नाहीत, हे आधीच सांगते.

पण पैशांपेक्षा मोठा फरक दुसरीकडे पडला. मोठी आधी केमिस्ट्रीचे व्हिडिओ १४४ वर, म्हणजे सगळ्यात कमी क्वालिटीवर लावायची, डेटा पुरावा म्हणून. फळ्यावरचं समीकरण धूसर दिसायचं. एकदा तिने अख्खं गणित ३ धरून सोडवलं आणि तिथे होता ८. रात्री अकराला ‘तुमचा ९० टक्के डेटा संपला’ असा मेसेज आला की वही मिटायची. आता ती ७२० वर बघते, थांबवते, मागे नेऊन परत बघते. धड्यावरून मागे फिरता येणं ही चैन वाटावी इतकी आम्हाला काटकसर करावी लागत होती, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आता रेंजचं. आमच्याकडे भिंती पत्र्याच्या, आणि पत्रा वायफायला जवळजवळ अडवतोच. फोनमध्ये दोन नावं दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी ५जी लिहिलंय (हे मोबाइलचं ५जी नव्हे, वायफायचंच आहे). ते दुकानासमोर जोरात चालतं, पण दोन घरं ओलांडली की गायब. दुसरं नाव हळू आहे, पण लांब येतं. माझ्या घरात मशीनपाशी काहीच येत नाही, दाराच्या उंबऱ्यावर दोन काड्या येतात. त्यामुळे ब्लाउजचे डिझाइन बघायचे तर मी उंबऱ्यात बसते. घेण्याआधी एक दिवसाचं कूपन घेऊन आपल्या घरात फिरून बघा, मगच महिन्याचं घ्या.

पहिले दोन महिने सगळ्यात मोठी अडचण रेंजची नव्हती. संध्याकाळी सातनंतर दुकानासमोरच्या पायऱ्यांवर पोरांचा घोळका असायचा. पोरं वाईट नाहीत, आपलीच आहेत, पण तिथे माझी मुलगी वही घेऊन बसणार कशी? शेजारच्या मावशींच्या सुनेचंही तेच. रेंज येते तिथे बायका उभ्या राहू शकत नसतील, तर त्या वायफायचा आम्हाला उपयोग काय! आम्ही सहाजणी मिळून काकांकडे गेलो. म्हटलं, “काका, समाजमंदिराच्या खोलीत एक डबा लावा, आम्ही सहाजणी लगेच महिन्याचं कूपन घेतो.” त्यांनी वहीत हिशोब मांडला, दोन दिवस थांबले आणि गणपतीच्या आत दुकानापासून खोलीपर्यंत वायर ओढून दुसरा डबा लावला. एकाच ब्रॉडबँडवर दोन डबे चालतात. खोलीची किल्ली महिला मंडळाकडे. आता सात ते दहा तिथे पाच-सहा मुली सतरंजीवर अभ्यास करतात. मला या योजनेतलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे. ज्याच्याकडे तक्रार करायची तो माणूस रोज समोर दिसतो, आणि आपलं म्हणणं पटलं तर तो ते करू शकतो.

सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा त्या खोलीत रात्री बायकांची रीघ लागली. बाहेर फॉर्म भरून द्यायचे पैसे घेत होते, इथे मोठी आणि तिच्या मैत्रिणी फुकट भरून देत होत्या. तिथेच मला या वायफायची खरी उणीव दिसली. पहिल्यांदा लॉगिन करायला मोबाइलवर ओटीपी लागतो. ज्या आजींचा रिचार्ज संपून दोन-तीन महिने झालेत, त्यांच्या सिमवर एसएमएस येतच नाही. म्हणजे डेटा परवडत नाही म्हणून जिला या वायफायची सर्वांत जास्त गरज, तीच दाराबाहेर राहते. आमच्या गल्लीत अशा चार बायका निघाल्या. ई-केवायसीला तर तिचा आणि नवऱ्याचा असे दोन ओटीपी लागत होते. दुकानदाराने ओळख पटवली तर ओटीपीशिवाय आत घ्यायची काहीतरी सोय हवी, असं मला मनापासून वाटतं.

लाइट गेली की दोन्ही डबे बंद पडायचे. काकांनी दिवाळीत राउटरचा छोटा यूपीएस घेतला, आता दोनेक तास निघतात. नोव्हेंबरात ड्रेनेजच्या खोदकामात केबल तुटली आणि ब्रॉडबँड कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी आला. त्या चार दिवसांचे पैसे काकांनी आपल्या खिशातून कूपन वाढवून भरून दिले. त्यांना यात किती सुटतात ते मी विचारलं. बरणीमागची वही काढून त्यांनी दाखवलं: ब्रॉडबँडचं बिल निघून महिन्याला हजारच्या आत. आधी काही कंपन्या अशा दुकानांना घरगुती दरात लाइन द्यायला तयार नसत, महागडी लीज लाइन घ्या म्हणत. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएस वेगापर्यंतचे घरगुती प्लॅन पीडीओंना द्यायचे आणि दर घरगुतीच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. त्यानंतरच काकांनी हिंमत केली. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत देशभरात एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट करायचे ठरलं होतं. २०२४ संपत आलं तेव्हा पीएम-वाणीचे अडीच लाखसुद्धा झाले नव्हते. का, ते काकांच्या वहीत दिसतं.

यूपीआयचा पिन मी या वायफायवर टाकत नाही, मिस्टरांचा हॉटस्पॉट घेते. बाकी सगळं यावरच.

आता फेब्रुवारीत मोठीची बारावी आहे. दुकान रात्री साडेदहाला बंद होतं तेव्हा काका मेन स्विच पाडतात, मग यूपीएस संपला की डबेही बंद होतात. परवा साखर आणायला गेले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, “ताई, पेपर संपेपर्यंत राउटरची लाइन वेगळी काढून ठेवतोय, पोरींना सांगा.”