कुत्र्याच्या पिल्लाची शी-शूची शिस्त: पॅड, ट्रे, नकली गवत आणि क्रेट, काही महिने वापरून

आधी निकाल. पैसे वसूल झाले ते क्रेटचे (पिल्लाला झोपवायचा पिंजरा) आणि एन्झाइम क्लीनरचे (शूचा वास मोडणारं द्रव). पॅड, म्हणजे शू शोषून घेणारे डायपरसारखे चौकोन, लागतात, पण पाकिटावर लिहिलंय तशी शिस्त लावायला नाही, बाहेर नेता येईपर्यंतची सोय म्हणून. नकली गवत पावसाळ्यापुरतं ठीक. वापर झाला तो वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दोन महिन्यांच्या देशी पिल्लावर, उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत.

पॅड लागतात ते लसीकरणामुळे. पिल्लाचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर सोसायटीच्या आवारात, जिथे बाहेरची कुत्री येतात-जातात, तिथे त्याला जमिनीवर सोडणं धोक्याचं, कारण पार्वोचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे हे दोन महिने घरातच सोय करावी लागते. पण याच वयात पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं हे पिल्लाच्या डोक्यात बसतं. पॅडवर वाढलेल्या पिल्लाला पॅड काढल्यावर त्याच्यासारखंच मऊ काय सापडतं? पायपुसणं. मग बाथरूमसमोरचं, मग देवघरापुढचं आसन. रद्दी पेपरवर शिकवलं तर सोफ्याखाली पडलेला आजचा पेपरही ओला होतो. म्हणून पॅड वापरायचे त्या काळात घरातली सगळी पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही पाकिटावर छापलेला नाही.

आकार 60 × 90 सेंमीचाच घ्या. 45 × 60 वाला स्वस्त पडतो, पण पिल्लू पुढचे दोन पाय पॅडवर ठेवतं आणि शू मागे फरशीवर जाते. त्याच्या मते ते पॅडवरच उभं असतं, त्याला रागावून काय होणार? पॅड कोपऱ्यात, दोन भिंतींना चिकटवून ठेवला की नेम सुधारतो. दुसरा घोळ पंख्याचा. पंखा पाचवर असला की गुळगुळीत टाइल्सवरून पॅडची टोकं उडतात, आणि उडणारं टोक म्हणजे पिल्लासाठी खेळणं. आतली जेल बनवणारी पावडर पोटात गेली तर ओलावा शोषून फुगते, जास्त गेली तर आतडं अडू शकतं. फाडायची सवय असेल तर पॅड क्लिपवाल्या ट्रेमध्येच अडकवा. जाळीवाला ट्रे मात्र लहान पिल्लांना आवडत नाही, नखं अडकतात. ट्रेची कड बोटभर उंचीची पुरे.

पॅडजवळ बोलावण्याचा जो स्प्रे मिळतो त्यापेक्षा शूने भिजलेला टिश्यू नव्या पॅडखाली सरकवणं जास्त लागू पडतं.

क्रेट तारेचा, घडीचा, आतल्या पार्टिशनसह घ्या. पूर्ण वाढलेल्या देशी कुत्र्याला 36 इंची पुरतो, लॅब्रेडॉरला 42. पार्टिशन महत्त्वाचं, कारण पिल्लू शक्यतो झोपायची जागा घाण करत नाही, क्रेटचं काम त्यावरच चालतं. पिल्लाला उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल इतकीच जागा द्यायची. पूर्ण क्रेट मोकळा दिला की ते एका कोपऱ्यात शू करतं आणि दुसऱ्यात निवांत झोपतं, मग क्रेटचा उपयोग शून्य. आत पॅड टाकू नका. एप्रिल-मे मध्ये चारी बाजूंनी चादर टाकून झाकू नका, पंख्याखाली ठेवा. उणी बाजू: खालचा प्लास्टिक ट्रे सरकतो आणि रात्री खडखडतो (खाली जुना टॉवेल घाला), आणि पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज आला. आणखी एक: जे पिल्लू आधी पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत राहिलेलं असतं, त्याची घाणीची शिसारी गेलेली असते. त्याला क्रेटने शिस्त लागत नाही. तिथे फक्त घड्याळच कामाला येतं.

घड्याळाचा हिशेब असा. वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास हे जास्तीत जास्त, आणि तेही झोपेत. जागं असताना दोन महिन्यांच्या पिल्लाला तासाभराने न्यायचं. शिवाय झोपेतून उठल्याउठल्या, खेळून झाल्यावर, आणि खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलतात. रात्री एकदा-दोनदा उठावं लागतं. खाणं ठरल्या वेळी तीन-चारदा, पंधरा मिनिटांनी भांडं उचलायचं, शेवटचं जेवण झोपण्याआधी तीन तास. दिवसा पाणी तोडू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. आणि दूध-पोळी बंद करा. बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शी कुणालाच धरून ठेवता येत नाही. अर्ध्या घरांत शिस्त इथेच फसते आणि खापर पिल्लावर फुटतं. दोघंही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर असाल तर पिल्लाऐवजी मोठा कुत्रा दत्तक घ्या, त्याला धरता तरी येतं.

डोस पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं की बाहेर. लिफ्टमध्ये कडेवर घ्या, पायावर चालवलंत तर तिथेच उरकतं. पट्टा दीड मीटरचा. ठरलेल्या जागी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, फिरायचं नाही. झालं की खाऊ तिथेच, त्याच क्षणी. घरी येऊन दिलेला खाऊ घरी येण्याचा होतो. काही झालं नाही तर घरी आणून दहा-पंधरा मिनिटं क्रेट, मग परत खाली. आणि शू झाल्याझाल्या वर येऊ नका, थोडं फिरवा. नाहीतर शू केली की मजा संपते हे त्याला कळतं आणि ते धरून ठेवायला लागतं.

घरात सांडलं तर लगेच पोछा मारू नका, वास खोलीभर पसरतो. आधी टिश्यूने दाबून टिपा, मग एन्झाइम क्लीनर ओता. पुसलेल्या जागेपेक्षा वीतभर मोठा भाग भिजला पाहिजे, आणि तो दहा-पंधरा मिनिटं ओलाच राहिला पाहिजे. पंख्याखाली तो आधीच सुकतो, म्हणून वर प्लास्टिकची पिशवी पसरा. टाइल्सच्या मधल्या सिमेंटच्या रेघा शू पितात, तिथे दोनदा करा. आधी फिनेल किंवा ब्लीच मारलं असेल तर एन्झाइमचा उपयोग होत नाही. ब्लीच शूवर पडलं की झोंबणारा वायू निघतो, काळं फिनेल तर पिल्लाच्या घरात नकोच. व्हिनेगरचा सल्ला सगळे देतात, पण मार्बल, कडप्पा आणि शहाबादीवर त्याने डाग पडतात. एन्झाइम क्लीनर महाग आहे, तरी घ्या.

नकली गवताची चटई बाल्कनीसाठी. पावसात पाऊल बाहेर न टाकणाऱ्या कुत्र्याला ती उपयोगी, आणि साचलेल्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोकाही कमी. पण रोज धुवावी लागते, जुलैत ती वाळत नाही आणि मग कुबट वास मारते. दोन चटया आलटून पालटून वापरा, आठवड्यातून एकदा अर्धा तास एन्झाइमच्या पाण्यात बुडवा. धुण्याचं पाणी नहाणी ट्रॅपकडे जातंय ना ते आधी बघा. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं की तक्रार येते, आणि ती रास्तच असते.

पॅड सोडवताना एकदम काढू नका. रोज हातभर दाराकडे सरकवा, दाराशी पोचला की त्याचा तुकडा खालच्या जागी नेऊन ठेवा. शिकलेलं पिल्लू अचानक थोडी-थोडी, सारखी शू करायला लागलं तर लघवी तपासून घ्या, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. पाहुणे आले की आनंदाने किंवा भीतीने गळते ती शू वेगळी, तिला शिस्तीने काही होत नाही, वयाबरोबर बहुतेकदा थांबते. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा खाली उतरतच नाही. त्या चार दिवसांत शेवटची फेरी अंधार पडायच्या आधी उरका आणि रात्रीपुरता बाथरूममध्ये एक पॅड टाकून ठेवा.