स्टिअरिंगचं कातडं: रंगवावं की नवीन शिवावं?

जालन्याचा भाचा जुनी स्पोर्ट्स कार नीट करतोय आणि स्टिअरिंगपाशी अडलाय.

रंगाचा खर्च कमी, मेहनत सगळी पुसण्यात. मुरलेला घाम आणि तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघालं नाही, तर रंगाचे पापुद्रे सुटतात. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, स्पंजने रंगाचे पातळ हात, वर सीलर, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर. बारीक भोकांच्या कातड्यावर फिलर (भेगा भरायची लुगदी) नकोच, भोकं बुजतात.

नवीन कातडं महाग, पण टिकतं. जाडी साधारण १ मिमी बघा. फार जाड घेतलं की स्टिअरिंगची रिम हातात बोजड लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार, बंद गाडीत त्याहून वर. म्हणून नुसत्या गोंदावर विसंबू नका, मेणाच्या दोऱ्याची घट्ट शिवण हवीच.

टाके शाबूत, कातडं मऊ असेल तर रंगवा. मूळ कातडं राहतं. आक्रसून कडक झालं असेल, तर शिवूनच घ्या.