तालुक्याचं कॉलेज की शहरातलं? बीए, बी.कॉम., बीएस्सीचा अर्ज भरण्याआधी

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि प्रवेशाची धावपळ नेमकी पेरणीच्या तोंडावर येते. बियाणं-खताचा पैसा त्याच पंधरवड्यात लागतो, म्हणून घरात पहिला प्रश्न निघतो तो फीचा. तालुक्याच्या गावचं लहान कॉलेज आणि नागपूर-अमरावती-अकोल्याचं मोठं कॉलेज यांत निवड करताना हा प्रश्न पुरत नाही. दोन्ही ठिकाणी तुकडी अनुदानित असेल तर फीत फार मोठी तफावत नसते. खरा फरक असतो तो विषयांत, शिकवणाऱ्यांत, एसटीच्या वेळेत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात. त्यामुळे या चार गोष्टी आधी तपासा.

अर्ज कुठे सोपा, कुठे कठीण

लहान कॉलेजात माहितीपुस्तिकेसोबत फॉर्म मिळतो, तो भरून कागद जोडले की बाबू तिथेच तपासतो आणि जागा असेल तर त्याच दिवशी पावती हातात पडते. कला शाखेत जागा सहसा शिल्लक असतात. त्यामुळे ४५ टक्क्यांच्या मुलालाही हवा तो विषय मिळू शकतो. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात अर्ज ऑनलाइन, मग गुणवत्ता यादी, आणि यादीत नाव आलं की दोन-तीन दिवसांत फी भरून जागा पक्की करायची. एक दिवस उशीर झाला तरी नाव पुढच्या यादीत आपोआप येत नाही. त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात, तेव्हा मागच्या वर्षीची शेवटची टक्केवारी विचारताना ती 'बाहेरच्या' मुलांची आहे का आणि आपल्या प्रवर्गाची आहे का, हेही विचारा.

दोन्हीकडे आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी मागितली जाऊ शकते. तो नोंदणी क्रमांक नसेल तर कॉलेजची पावती असूनही पुढे नाव विद्यापीठाच्या यादीत चढत नाही आणि परीक्षा अर्जाच्या वेळी अडकतं. कॉलेज बदललं तरी नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक टीसीची. मुलगा जूनमध्ये तालुक्याला मूळ टीसी देऊन मोकळा होतो, जुलैत शहराच्या दुसऱ्या यादीत नाव येतं आणि तिथे दोन दिवसांत मूळ टीसी मागतात. तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश रद्द करणं, टीसी परत घेणं, फी परत मागणं हे दोन दिवसांत होत नाही. शहराचा विचार असेल तर लहान कॉलेजला आधीच स्पष्ट विचारा की तात्पुरता प्रवेश टीसीच्या झेरॉक्सवर द्याल का. बरेच ठिकाणी देतात. मूळ गुणपत्रिका कुठेच ठेवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार कॉलेजने मूळ कागद बघून परत द्यायचे असतात.

त्याच नियमांत फी परतीच्या पायऱ्या आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि पुढे काही नाही. पूर्ण परतीतून प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. रद्द करण्याचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. तोंडी सांगून रद्द होत नाही.

तुकडी कोणती, हे आधी विचारा

एकाच इमारतीत, एकाच फलकाखाली अनुदानित आणि कायम विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या चालतात. साधी बीए अनुदानित असते, तर संगणकशास्त्राची बीएस्सी बहुधा विनाअनुदानित. फी तिथे कितीतरी पटीने वाढते, आणि शिष्यवृत्तीच्या बाबतीत तो अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे की नाही यावर सगळं ठरतं. पावतीवर 'सेल्फ फायनान्स' किंवा 'विनाअनुदानित' असा शब्द दिसला तर पैसे भरण्याआधी थांबा. राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज जिथे भरतात त्या महाडीबीटीच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचा तोच अभ्यासक्रम दिसतो का, हे बाबूंकडून दाखवून घ्या.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. तालुक्याच्या कॉलेजात कायम प्राध्यापकांच्या बऱ्याच जागा रिकाम्या असतात आणि ते विषय तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. ते चांगलं शिकवतात, पण त्यांच्या नेमणुकीच्या मंजुरीला वेळ लागतो. मग ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्या विषयाचे तास सुरू होत नाहीत आणि पहिलं सत्र तर दिवाळीच्या आसपास संपायला येतं. हा त्रास शहरातही आहे, पण तिथे त्याच विषयाचे तीन-चार शिक्षक असतात, एक जागा रिकामी राहिली तरी विभाग चालतो. लहान कॉलेजात एका विषयाला एकच माणूस असतो. म्हणून 'कॉलेज कसं आहे' असं मोघम न विचारता, आपल्या मुख्य विषयाला कायम शिक्षक आहे का, एवढंच विचारा. असेल, तर साठ मुलांच्या वर्गात तो शिक्षक तुमच्या मुलीला नावाने ओळखेल. शहरातल्या गर्दीच्या वर्गात हे सहसा होत नाही, आणि पहिल्यांदाच घरातून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना त्याचा फार आधार असतो.

बीएस्सीला शिक्षकाबरोबर प्रयोगशाळा बघा. मागच्या वर्षीच्या मुलाचं प्रॅक्टिकल रेकॉर्ड मागून घ्या. प्रयोगांच्या तारखा वर्षभर पसरलेल्या असतील तर प्रयोगशाळा चालते. सगळ्या सह्या परीक्षेच्या आठवड्यातल्या असतील तर चालत नाही. रसायनशास्त्राच्या टेबलावर गॅस जोडलेला आहे का, वीज गेल्यावर सूक्ष्मदर्शकाचं काम कशावर चालतं, हेही बघा. आमचा कल स्पष्ट आहे: बीए आणि बी.कॉम.साठी मुख्य विषयाला शिक्षक असलेलं तालुक्याचं अनुदानित कॉलेज बहुतेकांना पुरतं. बीएस्सीसाठी प्रयोगशाळा बघितल्याशिवाय तालुक्याला हो म्हणू नये.

विषयांचा गट

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू आहे. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण अशी श्रेयांकांची (क्रेडिटची) मांडणी असते. वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक होतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. कागदावर निवड मोठी आहे, पण लहान कॉलेजात शिकवणारेच मोजके, त्यामुळे मुख्य विषय मराठी घेतला की गौण विषयात इतिहास किंवा राज्यशास्त्र एवढंच उरतं. भूगोल, इंग्रजी वाङ्मय, मानसशास्त्र हे तालुक्याला सहज मिळत नाहीत. पुढे बी.एड. करून शाळेत शिकवायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय मुख्य ठेवा, आणि तो तालुक्याला नसेल तर शहर गाठायला हे पुरेसं कारण आहे. एमपीएससीसारख्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, त्यासाठी केवळ नावापोटी शहराचा खर्च ओढवून घेऊ नये.

चौथ्या वर्षाची सोय तालुक्याला नसली तरी बिघडत नाही. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. करता येतं.

मध्येच कॉलेज बदलायचं मनात असेल तर विद्यापीठाची हद्द बघा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. वणीच्या मुलाला चंद्रपूर जवळ पडतं, पण वणी यवतमाळ जिल्ह्यात म्हणजे अमरावती विद्यापीठात. एक वर्ष वणीला काढून दुसऱ्या वर्षी चंद्रपूरला जाऊ म्हटलं तर विद्यापीठच बदलतं, विषयांची समकक्षता तपासली जाते आणि स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. राज्य मंडळाची बारावी करून थेट पहिल्या वर्षाला जाताना ही अडचण येत नाही. सीबीएसईच्या मुलांकडे मात्र मायग्रेशन (म्हणजे हेच स्थलांतर प्रमाणपत्र) तयार असावं.

रोज ये-जा की खोली

तालुक्याचं कॉलेज म्हणजे एसटी. सकाळची पहिली गाडी कॉलेजच्या पहिल्या तासाआधी पोचते का आणि शेवटचा तास किंवा प्रॅक्टिकल संपल्यावर गाडी आहे का, हे आगारात जाऊन विचारा. बीएस्सीची प्रॅक्टिकल दुपारी असतात, त्यामुळे कला शाखेच्या मुलीला जमणारी गाडी विज्ञानाच्या मुलीला जमेलच असं नाही. वाटेतला नाला पावसाळ्यात किती वेळा बंद होतो, तेही धरा. हजेरी ७५ टक्के लागते.

विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट मिळतं, म्हणून बऱ्याच मुली पास काढतच नाहीत. एका बाजूचं पूर्ण भाडं ५० रुपये असेल तर येण्याजाण्याचे १०० होतात. त्यात अर्ध्या तिकिटाने ५० जातात, पासाच्या सवलतीने साधारण ३३. रोज जाणाऱ्या मुलीला पासच परवडतो. त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विचारायची विसरतात: परीक्षा केंद्र. काही लहान कॉलेजांना स्वतःचं केंद्र नसतं आणि पेपरला दुसऱ्या गावी जावं लागतं. पेपर सकाळचा असेल तर पहिली गाडीही उशिरा पोचते.

शहराचा हिशोब वेगळा. खोली, दोन वेळची मेस, गावी येणं-जाणं हे दहा महिन्यांचं धरा, वर खोलीची अनामत. मेस रविवारी संध्याकाळी बहुधा बंद असते, तो खर्चही मोजा. मात्र अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी हे गणित पालटू शकतं. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम्, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी आधार. स्वाधारमध्ये पात्र विद्यार्थ्याला नागपुरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. मेळघाटातल्या धारणीच्या मुलाला अमरावतीचं वसतिगृह मिळालं तर घाट ओलांडून ये-जा करण्याचा प्रश्नच उरत नाही. पण वसतिगृहाचा अर्ज कॉलेजच्या अर्जापासून पूर्ण वेगळा आहे, तो कॉलेजच्या पावतीनंतर लगेच भरायचा असतो, आणि यादी कॉलेज सुरू होऊन बऱ्याच दिवसांनी लागते. मधल्या दोन महिन्यांची खोली स्वतःच्या पैशाने घ्यावी लागेल असं धरूनच चला. योजनेची रक्कमही उशिरा येते, ती पहिल्या महिन्याच्या भाड्याला उपयोगी पडत नाही.

कागद आणि महाडीबीटी

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. निकाल लागल्यावर सेतू केंद्रावर रांग लागते, म्हणून उत्पन्नाचा अर्ज एप्रिलमध्येच टाका. ३१ मार्चला मुदत संपलेला जुना दाखला चालत नाही. नावाचं स्पेलिंग गुणपत्रिका आणि आधारवर एकच हवं. फरक असेल तर १२ अंकी एबीसी क्रमांक (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं) तयार होताना अडकतो, आणि श्रेयांक त्याच क्रमांकावर जमा होतात.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेला आठ लाख, आणि तिचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. थेट लाभासाठी आधार ज्या बँकेत नोंदलेलं आहे त्याच खात्यात रक्कम जाते. आईसोबतचं संयुक्त खातं देऊ नका, मुलाचं स्वतःचं खातं उघडा.

या टप्प्यावर लहान कॉलेजची उणीव दिसते. प्रवेश एका दिवसात देणाऱ्या कार्यालयात शिष्यवृत्ती बघणारा बाबू एकच असतो, तोच परीक्षा विभागही सांभाळतो. अर्ज त्याच्या लॉगिनवर पडून राहतो किंवा त्रुटी दाखवून परत येतो आणि मुलाला कळतच नाही. दर आठवड्याला अर्जाची स्थिती स्वतः बघा, परत आला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. शहरात खिडक्या जास्त, पण गर्दीही तेवढीच.

बीसीए, बीबीए या तुलनेत बसत नाहीत

२०२४ पासून या अभ्यासक्रमांना राज्याची सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) आहे. तालुक्याचं कॉलेज रिकाम्या जागा संस्थास्तरावर, म्हणजे स्वतःच, भरून देतं आणि प्रवेश सोपा वाटतो. पण जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात मिळणारी शंभर टक्के शुल्कमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच आहे. संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर ती जाते. सीईटी दिली नसेल तर संगणकशास्त्राची बीएस्सी चालेल का, हे आधी बघा.

पुरवणी परीक्षेत पास होणाऱ्यांना शहराच्या याद्या संपलेल्या असतात. तालुक्याला जागा मिळते, पण विद्यापीठाने दिलेली विलंबाची मुदत संपायच्या आत. निकालाची वाट न बघता विद्यापीठाची नोंदणी, दाखले आणि बँक खातं तयार ठेवलं, तर गुणपत्रिका हातात आल्याच्या दिवशी अर्ज देता येतो.